दावणीचा बोकड

"ही पाट घे," ठकूआत्या म्हणाली. "आई दुधाची हाय हिची. पुढच्या साली व्याली की दोन करडं देईल. तुजं तुलाच सुटंल."

पाट म्हणजे मादी करडू. आत्याने तिला मागच्या पायाला धरून माझ्यासमोर उभी केली होती. सगळीकडून बाभळीच्या फांद्या लावून केलेलं तिचं वाडगं, आत शेळ्या, आणि मधोमध मी. गेल्या सुगीपासून मी तिच्याकडे राबत होते. बोली अशी होती, की या वेताच्या करडांतलं एक माझं. कोणतं, ते मी निवडायचं.

मी पाटीकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यात एक काळं कुळकुळीत करडू आपल्याहून मोठ्या करडाला ढुशा देत होतं.

"त्यो बोकड," मी म्हणाले.

आत्याने मिश्रीचं बोट तोंडातून काढलं आणि बाजूला थुंकली. "येडी हायस का खुळी? बोकड काय दूध देतंय? ईद आली की दस्तगीरला इकशील, आनि मोकळ्या हातानं परत माज्याच दारात येशील."

"इकनार न्हाई."

"मग काय पूजा घालनार?"

"आत्या, आपल्या वाडीतली शेळी माजावर आली की कुटं न्यायची?"

"पिंपरीला. ठावं न्हाई व्हय तुला? पाय तुटूस्तवर चाललीस की माज्यासंगं."

"का पर पिंपरीला?"

"हितं बोकड ठेवतंय कोन? ज्याला त्याला इकायची घाई..." ती बोलता बोलता थांबली. माझ्याकडे पाहिलं, त्या करडाकडे पाहिलं. मग पाटीचा पाय सोडून दिला.

"शिकवलं म्या," ती म्हणाली, "आनि आता मलाच शिकव."

ठकूआत्याकडून यापेक्षा मोठी शाबासकी कुणाला मिळाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी तेव्हा माहेरी येऊन बसलेली बाई होते. 'बसलेली' हा गावाचा शब्द. बसायला मला कुणी दिलं नव्हतं. नवऱ्याने दुसरी आणली आणि दोघींनी मिळून राहा म्हणाला, तेव्हा मी ट्रंक डोक्यावर घेतली आणि माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत परत आले. आईवडील गेलेले. घरात थोरला भाऊ सर्जेराव आणि फुलावैनी. दादा वाईट माणूस नव्हता. मला दारात पाहून काही न विचारता त्याने ट्रंक उचलून आत ठेवली, हे मी विसरलेले नाही. पण आत ठेवलेली वस्तू घराची होते, असा त्याचा समज होता. त्यात ट्रंकेबरोबर मीही आले.

ठकूआत्या नात्याने माझी कुणी नव्हती. ओढ्याकाठी एकटीच राहायची, गुडघा धरला होता म्हणून तिला हाताखाली कुणीतरी हवं होतं. जिभेला हाड नाही अशी बाई. शिकवायची ती शिव्या देऊनच. ओला लसूणघास मी एका सकाळी उपाशी शेळ्यांपुढे टाकला, तर दिवस वर यायच्या आत एका शेळीची डावी कूस टम्म फुगली. आत्याने मला तिच्या कुशीवर टिचकी मारायला लावली. पोट हलगीसारखं वाजलं. मग तिने गोडं तेल पाजायला लावलं, पोट चोळायला लावलं, आणि शेळीचे पुढचे पाय उंचावर ठेवून मला तिथेच धरून उभी केली. शेळी ढेकर देईपर्यंत आत्या माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. शेळी वाचली. "आता मरूस्तवर इसरनार न्हाईस," ती म्हणाली, आणि तसंच झालं.

व्यायला टेकलेली शेळी कशी ओळखायची, नाळ कुठे बांधायची, पहिला चीक करडाच्या पोटात लगेच का गेला पाहिजे, खुरं वाढली की कुठवर कापायची, हे सगळं मी तिच्या शिव्यांतून वेचून घेतलं. उरलेलं दस्तगीरचाचाकडून. दस्तगीर मुलाणी शेळ्याबोकडांचा व्यापार करायचा, आणि गावच्या जत्रेला नवसाचे बोकड कापायचा मानही त्याच्याच घराण्याकडे होता. तो आला की माझा हात धरून बोकडाच्या पाठीवर ठेवायचा. "डोळ्यानं बघू नगं पोरी. डोळा फसतो. कना चाचप." मी चाचपायची. माझ्या बोटांना हळूहळू समजायला लागलं, आणि मला कळत नाही असं काही या जगात उरलंच नाही असं मला वाटायचं. त्या वयात तसं वाटलं तर काय बिघडलं?

काळ्या बोकडाचं नाव मी बुक्क्या ठेवलं. दादाच्या घरामागे, गोठ्याच्या कडेला त्याला बांधायची. त्याच्या आईचं दूध त्याला पोटभर पाजलं, पुढे बाभळीच्या शेंगा, शेवरीचा पाला, थोडी डाळीची चुनी. पहिल्या वर्षी वाडीत सगळे हसले. दादा सगळ्यांत जास्त हसला. चाचाने बुक्क्याला विकत मागितलं तेव्हा दादा चौकटीत उभा होता. म्हणाला, "मला काय इचारतोस? तिला इचार. तिचा हाय. खायाला काळ आनि भुईला भार." मी चाचाला नाही म्हटलं.

मग बुक्क्या भरला. छाती अशी रुंद झाली, की दाराच्या चौकटीत त्याला तिरकं व्हावं लागायचं. बायका आधी नाकाला पदर लावून बघून गेल्या, कारण भरल्या बोकडाचा वास काही चंदनाचा नसतो. मग एकीने आपली शेळी आणली. मग दुसरीने. शेळी लावून न्यायची, पायलीभर जोंधळा द्यायचा. वर्ष सरता सरता वाडीत जिकडेतिकडे काळी करडं उड्या मारायला लागली, आणि माझ्या ट्रंकेशेजारी माझ्या नावाचं जोंधळ्याचं पोतं उभं राहिलं. ठकूआत्याने वाडग्याला लागून थोडी जागा दाखवली होती. तिथे छप्पर घालायचं आणि आपली चूल मांडायची, असं माझ्या मनात होतं.

याच सुमारास सासरचा निरोप आला. दुसरी निघून गेली होती, आता पहिलीने भाकरी थापायला परत यावं. याआधी असा निरोप आला की दादा म्हणायचा, "बघू, इचार करू," आणि मीही मान खाली घालून उभी राहायची. या खेपेला मी दारात जाऊन म्हणाले, "येनार न्हाई." निरोप्या दादाकडे बघायला लागला. मी म्हणाले, "तिकडं काय बघता? हिकडं बोलली मी." बुक्क्या माझ्यामागे दाव्याला बांधलेला होता. त्याच्या जिवावर मला 'नाही' म्हणता येत होतं, सरळ, पुढे काही न जोडता.

फुलावैनीची दोन मुलं जन्मून गेली होती. दोन्ही वेळा गावातल्या बायांनी तिच्यात खोट काढली होती. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला आणि टिकला. त्याला मी न्हाऊ घालायची. पायांवर आडवा घेतला की तो माझा अंगठा धरून ठेवायचा. बारशाच्या दिवशी पाहुणे गेल्यावर दादा जेवायला बसला आणि भाकरीचा तुकडा मोडत म्हणाला, "येत्या जत्रंला म्हसोबाला बोकड द्यायचाय. नवस बोललो हुतो."

"दस्तगीरचाचाकडं चांगली हायती," मी म्हणाले. "आत्ताच सांगून ठेव."

"इकतचा चालत न्हाई. दावनीचा बोकड बोललोय मी."

"आपल्या दावनीला कुटाय बोकड?"

दादाने हनुवटीने मागच्या बाजूला दाखवलं.

मला आधी खरंच वाटलं, की तो थट्टा करतोय. "त्यो माजा हाय," मी म्हणाले.

"तुजा म्हंजी? आनि तू कुनाची? खातीस कुटं, ऱ्हातीस कुटं?"

"माज्या राबन्याचा हाय त्यो. ठकूआत्याकडं साल काढलं म्या."

"शालन," दादा जेवायचं थांबला. "माज्या लेकरापरीस तुला बोकड मोठा झाला?"

हा प्रश्न असा होता, की त्याला कसंही उत्तर दिलं तरी माझीच मान अडकणार. आतून बाळाचा आवाज आला. वैनी चौकटीत उभी होती, कानाला फडकं बांधलेली.

"लेकराला काय लागंल ते मी करीन," मी म्हणाले. "पर तू देवाला कबूल केलास तवा मला इचारलंस का? एकदा तरी तोंडानं मागितलास का बोकड?"

"घरात बहिनीकडं मागायचं असतंय व्हय?" दादाला खरंच कळत नव्हतं. त्याचा तो चेहरा बघून मला जास्त राग आला. त्याने दांडगाई केली असती तर सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ठकूआत्याला म्हणाले, की बोकड घेऊन कुठेतरी निघून जाते.

"कुटं जाशील? बोकड काय पदराखाली झाकून न्यायचा हाय का?" ती धार काढत होती. मग मान वर न करता म्हणाली, "बोकड कापायच्या आदी काय करत्यात?"

ते वाडीत कुणालाही ठाऊक होतं. बोकडाला हळदकुंकू लावून देवासमोर उभा करतात. गुरव त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओततो. बोकडाने अंग झाडलं, की देवाने घेतला. नाही झाडलं तर पुन्हा पाणी. तरीही नाही झाडलं तर देवाच्या मनात नाही, बोकड परत.

"कुटला बोकड अंग झाडत न्हाई?" मी म्हणाले. "पाठीवर पानी पडलं की झाडनारच."

"अचानक पडलं की झाडतोय." आत्याने शेळीचा पाय सोडला. "रोज पडलं तर?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

"देवच न्हाई म्हनंल," ती म्हणाली. "तुला कायबी बोलायला लागायचं न्हाई. तू फकस्त गप ऱ्हायचं. जमंल?"

तेवढंच मला कधी जमलं नव्हतं. पण मी हो म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी बुक्क्याला सकाळी ओढ्याकडे आणायला लागले. एका हाताने चुनी पुढे धरायची आणि दुसऱ्या हाताने पाठीवर तांब्या ओतायचा. पहिल्या दिवशी त्याने असं अंग झाडलं, की मी आणि आत्या दोघी नखशिखांत भिजलो. झाडलं की चुनी मागे घ्यायची. उभा राहिला की द्यायची. आठवड्याभरात तो नुसती कातडी थरथरवायला लागला, मग तेही थांबलं. मग आत्याने बसल्या जागेवरून पत्र्याचा डबा बडवायला सुरुवात केली, कारण जत्रेत हलगी वाजणार. मी त्याच्या गळ्यात झेंडूच्या फुलांची माळ घातली, कपाळाला कुंकू लावलं. शेवटी अशी वेळ आली, की तांब्या दिसला की बुक्क्या आनंदाने पुढे यायचा आणि पाणी अंगावरून ओघळत असताना डोळे मिटून चुनी चघळायचा. आत्या हसून हसून खाली बसली. मीही हसले.

जत्रेच्या सकाळी दादा स्वतः येऊन दावं सोडायला वाकला. माझ्याकडून काही विरोध होईल असं त्याला वाटलं असावं. मी बाजूला झाले. "शानी झालीस," तो म्हणाला, मायेने म्हणाला. मी गप्प राहिले.

म्हसोबाचं ठाणं गावाबाहेर, लिंबाखाली. सगळी वाडी गोळा झालेली. हलगी वाजत होती. फुलावैनी नवं लुगडं नेसून पुढे उभी होती, कडेवर कुंची घातलेलं बाळ. दस्तगीरचाचा एका बाजूला धोतराच्या फडक्यात सुरी घेऊन बसला होता. आत्या गुडघा ओढत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

भिकू गुरवाने तांब्या उचलला आणि बुक्क्याच्या मानेपासून शेपटीपर्यंत ओतला.

हलगी थांबली. सगळे बोकडाच्या पाठीकडे बघायला लागले. बुक्क्याने मान वळवली आणि गुरवाचा दुसरा हात हुंगला. त्यात चुनी नव्हती. त्याने माळेतलं एक फूल ओढलं. पोरं फिसकन हसली.

दुसरा तांब्या. बुक्क्या उभा.

तिसरा तांब्या गुरवाने कानावर ओतला. बुक्क्याने डोळे मिटले आणि वाट बघत राहिला.

"देव घेत न्हाई," गुरव म्हणाला.

आत्याने माझ्या दंडाला चिमटा काढला. जिंकलो होतो आम्ही. मला फक्त तिथे उभं राहायचं होतं आणि मग बोकड घेऊन घरी जायचं होतं.

"का पर?" दादाचा आवाज बारीक झाला होता. "म्या काय कमी केलं?"

"बोकडात खोट न्हाई," गुरव म्हणाला. "काळा हाय, धडधाकट हाय. मग खोट घरात आसनार. बाळतपनात काय इटाळ-बिटाळ झाला आसंल. घरात इचारा. आनि पोराला जपा. देव घेत न्हाई म्हंजी..." पुढचं तो बोलला नाही, आणि न बोललेलंच सगळ्यांना ऐकू आलं.

सगळ्या माना फुलावैनीकडे वळल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, सव्वा महिना व्हायच्या आधीच ही पाण्याला गेली होती, मी बघितलं. दुसरी म्हणाली, आधीची दोन उगाच गेली का?

"काय केलंस गं?" दादा वैनीकडे वळला. "सांग. हितंच सांग देवाम्होरं."

"म्या काय न्हाई केलं," वैनी म्हणाली. तिने बाळाचं डोकं हाताने झाकलं, जणू वरून काही पडणार होतं. मग ती बाळासकट खाली बसली.

"गप," आत्या माझ्या कानात म्हणाली. "बोकड वाचलाय. दम धर. दोन दिसांत इसरत्याल समदी."

दोन दिवसांत विसरले असते, वैनी सोडून. बाळाला पहिल्यांदा ताप येईल तेव्हा ती काय म्हणेल, त्याला ठेच लागेल तेव्हा काय म्हणेल, ते मला दिसत होतं. आणि मला राग आला. गुरवाचा आला, दादाचा आला, आणि आत्याच्या त्या हुशार युक्तीचाही आला. बोकड माझा होता, नाही म्हणायचं होतं मला, आणि मी ते एका दगडाच्या तोंडून म्हणवून घेत होते.

मी पुढे गेले.

"वैनीनं काय केलं न्हाई. म्या केलंय," मी म्हणाले. "रोज सकाळी तांब्या वततीया मी ह्याच्यावर. सवय लावलीया. पानी पडलं की चुनी मिळती, म्हनून हालत न्हाई त्यो. देवाचा काय संबंध न्हाई ह्यात."

गुरवाचं तोंड उघडं राहिलं. "देवाला फशिवलंस?"

"तुमाला फशिवलं. देवाला फशिवलं आसतं तर त्यो बोलला आसता." मी दादाकडे वळले. "ह्यो हालला आसता तरी मी दिला नसता. देव न्हाई म्हनत न्हाई, दादा. मी न्हाई म्हनतीया. माजा बोकड हाय."

दादाने हात उगारला. मी मागे सरले नाही. तो हात खाली आला नाही, कारण मध्येच दस्तगीरचाचा उठून उभा राहिला होता आणि सुरी फडक्यात गुंडाळत होता.

"तुजं काय मधीच?" गुरव त्याच्यावर खेकसला.

"जनावर जिचं, तिची राजी न्हाई. मी सुरी लावत न्हाई."

"बाईचं कसलं आलंय जनावर? सर्जेरावाच्या दावनीचा हाय."

"मी ह्यो बोकड इकत मागितला हुता," चाचा शांतपणे म्हणाला. "तवा सर्जेराव दारात हुता. सर्जेराव, काय म्हनाला हुतास मला?"

दादाने दावं मुठीत आवळलं.

"तिला इचार, तिचा हाय, आसं म्हनाला हुतास. खात हुता तवा तिचा. आता भरला तर घराचा?" चाचाने फडक्याला गाठ मारली.

मी दाव्याला हात घातला. दुसरं टोक दादाच्या मुठीत होतं. त्याने सोडलं नाही, मी ओढलं नाही. तशीच धरून उभी राहिले. सगळी वाडी बघत होती आणि बुक्क्या आमच्या दोघांच्या मध्ये माळेतली फुलं खात होता.

शेवटी दादाची मूठ सुटली. "माज्या घरात पाय ठेवू नगंस," तो म्हणाला.

"ट्रंक आनि जोंधळ्याचं पोतं तेवढं पाठवून दे," मी म्हणाले.

ओढ्यापर्यंत ठकूआत्या लंगडत माझ्यामागे आली आणि वाटभर मला शिव्या देत राहिली. "देवाच्या अंगावर टाकलं हुतं की गं सटवे! तू कशाला आपल्या अंगावर घेतलंस? आता ऱ्हानार कुटं?"

"तुज्यापाशी."

"माजी काय धर्मशाळा हाय?" असं म्हणत तिने वाडग्याचा झापा उघडून धरला, आधी बोकडाला आणि मग मला आत घेतलं.

त्याच दिवशी दादाने चाचाकडून दुसरा बोकड आणून उभा केला. पहिल्या तांब्यालाच त्याने अंग झाडलं. म्हसोबाने विकतचा, दावणीचा असा काही भेद केला नाही.

पण गावाने केला. देवाच्या तोंडचा घास काढून आणलेला बोकड, असं बुक्क्याचं नाव पडलं. एकही शेळी त्याच्याकडे येईना. बायका पुन्हा पिंपरीची वाट धरायला लागल्या, उन्हातान्हात, शेळ्यांना फरफटत, आमच्या वाडग्यासमोरूनच. मी दारात उभी राहायची. कुणी मान वर करायची नाही. पोतं खाली चाललं होतं. सासरचा माणूस पुन्हा एकदा येऊन गेला. आता तरी ही ताळ्यावर आली असेल असं त्याला वाटलं होतं. मी त्याला पाणीही विचारलं नाही. आत्याने विचारलं, आणि त्याने ओंजळ पुढे केल्यावर म्हणाली, "ओढा हितनं जवळ हाय." पण तो गेल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजून एक म्हयना बघू. मग बोकड इकायला लागंल, शाले." मी पोत्याचं तोंड आवळून बांधलं.

आणि एका दुपारी फुलावैनी आली. ऊन टाळूवर होतं. कडेवर बाळ, काखेत गाठोडं, हातात शेळीचं दावं. बाळाच्या दुधासाठी तिच्या माहेरून नुकतीच पाठवलेली भुरी शेळी होती ती. शेळी शेपटी हलवत ओरडत होती आणि बुक्क्या वाडग्यात मागच्या पायांवर उभा राहिला होता. ओढ्यावर बायका धुणं धूत होत्या. त्यांचे हात थांबले.

"वन्सं, शेळी माजावर आलीया," वैनी म्हणाली.

"दादाला ठावं हाय?"

"न्हाई. घरी गेल्यावर सांगनार हाय."

"कुटल्या वाटंनं आलीस?"

"देवळाम्होरनं." तिचा श्वास अजून चढलेला होता. "गुरव पारावरच बसला हुता. कुटं चाललीस म्हनाला. सांगितलं."

मी बाळाला घेतलं. त्याने माझा अंगठा शोधायला सुरुवात केली. आत्याने झापा उघडला आणि शेळीला आत ओढलं. ते काम व्हायला काही वेळ लागत नाही. आत्या शेळी घेऊन बाहेर आली, तेव्हा वैनी खाली बसून गाठोडं सोडत होती. त्यात जोंधळा होता.

"हे काय?" मी म्हणाले. "तुज्याकडनं मी कशी घेऊ? बांध ते."

"घ्या."

"वैनी, घरचं मानूस तू."

"म्हनूनच घ्या." तिने पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. इतकी वर्षं एका घरात राहून तिचे डोळे मला असे समोरून दिसले नव्हते. "फुकट लावून नेली तर घरचाच बोकड म्हनत्याल. पायली दिली म्हंजी तुमचा."

पदर पसरायचा नव्हता, म्हणून मी आत जाऊन सूप आणलं आणि तिच्यापुढे धरलं. तिने जोंधळा त्यात ओतला. ओढ्यावरच्या बायकांना दिसेल असा, उंचावरून ओतला.

"पुरती हाय का बघ गं," ठकूआत्या मागून ओरडली.

मी मापात भरून बघितली. पुरती होती.